दूधवाल्याची लेक

परदेशात लेकाकडे राहते, तिथं क्लेमेंटी भागात आमच्या ब्लॉकखाली बाकावर एक म्हातारी बसायची. नव्वदीला टेकलेली. नाव मी विचारलं नाही, तिनंही नाही. हिंदी बोलायची, कारण तिचा बाप आपल्या देशातून आलेला, उत्तरेकडचा, इथं गाई राखून दूध विकायचा. बोलताना तिची बोटं धार काढल्यासारखी मांडीवर हलायची.

एकदा मी तिला माझं सांगितलं. नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं मला लेकरासकट घराबाहेर काढलं. आता तो अंथरुणाला खिळलाय, फोनवर बोलायचं म्हणतोय.

"मी म्हणलं, मरू दे तसाच," मी बोलले.

तिनं मग महायुद्धात इथं जपान्यांचं राज्य होतं तेव्हाचं सांगितलं. बाप जपान्यांच्या दुधात पाणी घालायचा आणि चांगलं दूध रानात लपून लढणाऱ्या पोरांना पोचवायचा. शेजाऱ्यानं चुगली केली. बापाला नेलं, तो परत आला नाही. जपानी हरल्यावर लोकांनी त्या शेजाऱ्याला धरून आणलं आणि तिच्या आईच्या हातात काठी दिली.

"मारलं का?"

"मारलं. मी लहान होते, मीपण मारलं. मेला तो. घरी आलो तर गाई हंबरत होत्या, सड तटतटलेले. बापाचं काम आम्हालाच करायचं होतं, बेटी. आई तशीच धारा काढायला बसली."

संध्याकाळी लेकाला म्हणलं, लाव फोन. भावजी नुसते रडत होते. माफ केलं असं काही मी म्हणलं नाही. जेवलात का, एवढंच विचारलं.