आमच्या वाटणीचा पाट

कामशेतजवळच्या आमच्या गावात पाट घराघरांत वाटून दिलेला होता. पाणी सुटण्याआधी ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यातल्या भेगा बुजवायच्या. आमचा तुकडा दरवर्षी गळायचा आणि खालच्या शेतांतले लोक मला टोमणे मारायचे. मी कारखान्यात कामाला, चिखल थापणार तो सुट्टीच्या दिवशी. ते टोमणे मला फार लागायचे.

मग एका फिटरच्या सांगण्यावरून मी कारखान्यातलं टाकून दिलेलं अॅस्बेस्टॉसचं पोतं घरी आणलं. डांबरात कालवून भेगांत भरलं की थेंब गळत नाही, म्हणाला. ते कापसासारखं, पण गोळे होऊन बसलं होतं. बायकोचा हात वाती वळण्यात तयार, म्हणून ओसरीवर बसून तीच ते बोटांनी पिंजायची. मी डांबर तापवायचो. तिच्या केसांवर, पापण्यांवर पांढरी कुसं बसायची.

"म्हातारी झालीस गं," मी चिडवायचो.

"मंग तुमी बी व्हा," म्हणत ती मूठभर माझ्यावर उडवायची.

तीन हिवाळे हे चाललं. गळती थांबली. मी गावातून ताठ मानेनं फिरू लागलो.

खूप वर्षांनी तिला दम लागू लागला. छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी तिला विचारलं, "कधी कारखान्यात, धुळीत काम केलंय का?" मला सवयच वाईट, तिच्या आधी मीच बोललो, "छे हो, ती कारखान्याची पायरी चढलेली न्हाई." तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

यंदा पाटाच्या जागी पाइप टाकायला माणसं आली. आमच्या तुकड्यापाशी त्यांनी तोंडाला मास्क लावले. देखरेखीला असलेली पोरगी म्हणाली, "आबा, लांब उभे राहा. यात अॅस्बेस्टॉस आहे. छातीत गेलं की कैक वर्षांनी दुखणं वर येतं." मग वाकून बघत म्हणाली, "पण भरलंय मात्र पक्कं. कुणी केलं हो हे?"

हे कौतुक ऐकायला मी जन्मभर तरसलो होतो.

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो.

घरी येऊन ओसरीवर बसलो. फार एकटं वाटलं. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, मला नाही. मी गप्प बसलो असतो, तर तिनं पोत्याचं सांगितलं असतं.