पालक म्हणून सासूबाई

बी.ए.च्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि सगळी पोरं-पोरी ताडकन उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. मी मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा पोरं आणखीच घाबरली. म्हणजे तपासणीला वरून कुणीतरी आलंय! खऱ्या मॅडम आल्या त्या माझ्या मुलाची थोरली बहीण शोभतील अशा. त्यांनीही मला आधी नमस्कार केला. हजेरीत माझं नाव आल्यावर मी "येस मॅडम" म्हटलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

बंगळुरातल्या के. आर. पुरमच्या बाजूचं आमचं हे सरकारी कॉलेज. महादेवपुऱ्यातल्या आयटी कंपन्यांच्या काचा ज्यांचे आई-बाप पुसतात, त्यांची मुलं इथे शिकतात. रिक्षावाल्यांच्या मुली, भाजीवालीचा मुलगा, पहाटे दूध टाकून येणारी पोरं, आणि आता मी. माझा मुलगा एसी बसमधून खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात जातो. तिथे मला गेटच्या आत जायलासुद्धा पास काढावा लागला होता. इथे फक्त बारावीची मार्कशीट मागितली. ती मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हापासून साड्यांखाली पडून होती.

प्रवेश सोपा, पण हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. आणि माझी गाठ सासूबाईंशी.

सासूबाई बसवनगुडीतल्या. त्यांच्या माहेरची मंडळी कितीतरी पिढ्यांपूर्वी बंगळुरात आली, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. तरी माझीच मराठी अशुद्ध, असं त्यांचं ठाम मत. माझ्या शिकण्याला त्यांनी विरोध कधी केला नाही. "जा की, कोण नको म्हणतंय? स्वल्प घरचं बघून जा," एवढंच म्हणायच्या. पण त्यांच्या त्या 'स्वल्प'मध्ये अख्खा श्रावण मावायचा. वरमहालक्ष्मीचं व्रत झालं की गौरी, गौरी झाल्या की पितरं, आणि नवरात्रात तर बोंबे! पायऱ्या-पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या आणि नऊ दिवस त्या बघायला येणाऱ्या बायकांना उसळ करून वाढायची. बाहुल्या बिचाऱ्या जागच्या हलत नाहीत, म्हणून मला हलावं लागायचं.

दसरा संपला आणि कॉलेजच्या फळ्यावर माझं नाव झळकलं. हजेरी कमी असलेल्यांनी पालकांना सभेला घेऊन यावं, अशी सूचना होती. मी मॅडमना म्हटलं, माझे आई-वडील देवाघरी गेले. त्या म्हणाल्या, "मग घरातलं मोठं कुणीतरी आणा. नियम आहे." नवऱ्याला विचारलं. तो सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्याला त्याच दिवशी नेमकं ऑडिट निघालं. शिवाय बायकोचा पालक म्हणून बसायला त्याला लाज वाटत होती, हे तो बोलला नाही, पण कान लाल झाले होते.

राहिल्या सासूबाई. त्यांना फक्त 'कॉलेजने घरातल्या मोठ्यांना बोलावलंय' एवढंच सांगितलं. त्या म्हैसूर सिल्क नेसून, गजरा माळून निघाल्या.

सभेत त्यांच्या एका बाजूला खाकी शर्टातले रिक्षावाले, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या सफाईच्या गणवेशातली एक आई. आमचा नंबर आला. मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या, "अम्मा, तुमची सून हुशार आहे, पण वर्गातच नसते."

सासूबाई गर्रकन माझ्याकडे वळल्या. "काय गं हे? कॉलेजला म्हणून नाव घालायचं आणि जायचं नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत मॅडमनी रजिस्टर उघडलं. "ऑगस्टमधला हा शुक्रवार?"

"वरमहालक्ष्मी नव्हती का!" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "कलश कोण मांडणार?"

"गणपतीच्या आधीचा आठवडा?"

"गौरीचा फराळ. बाहेरचा आम्हाला चालत नाही."

"आणि दसऱ्याच्या आधी इतके दिवस?"

"आमच्याकडे बोंबे बघायला सगळा..." इथे त्यांचा आवाज बारीक झाला. शेजारची सफाईवाली त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"म्हणजे तुम्हीच थांबवता हिला," मॅडम अगदी गोडपणे म्हणाल्या. "जादा तास ठेवलेत. त्यातला एक जरी चुकला तरी हिचं वर्ष गेलं. ही रोज येईल, अशी हमी द्या."

सासूबाईंनी सही केली. आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही, अशी मनाची तयारी करून मी परतीच्या रिक्षात बसले होते. घरी आल्यावर त्या फक्त म्हणाल्या, "किती वाजता असतात ते जादा तास?"

त्यानंतर मला पळताभुई थोडी झाली. चहा पीत जरा टेकले की, "वाजले किती?" एकदा डोकं दुखतंय म्हटलं, तर कपाळाला बाम चोळून दाराबाहेर काढलं.

शेवटचा जादा तास नेमका तुळशीच्या लग्नाच्या दिवशी आला. सकाळीच बसवनगुडीहून त्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे आमच्या मावशी, आणि भावजया, भाच्या मेट्रोने येऊन दाखल झाल्या. संध्याकाळी पन्नास माणसं जेवायची होती. मी पुरणाचा पहिला गोळा हातात घेतला आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, आज राहते मी. विचारते मॅडमना, एवढ्या एका दिवसाने काय होतंय."

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. परीक्षेची नाही, त्या सगळ्या बायकांची.

सासूबाईंनी माझ्या हातातून तो गोळा काढून घेतला. "सरी, बरं, निघ आता," म्हणाल्या.

मी दारात चपला घालत होते तेव्हा आतून मावशींचा आवाज आला. "सणाच्या दिवशी घर टाकून निघाली? आणि तू जाऊ देतेस?"

"अक्का, तिचा पालक मी आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू पोळ्या लाट."

मी जिन्यात उतरले आणि पदर तोंडाशी धरून रडले. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, मी कुणाचीतरी बायको होते, आई होते, सून होते. माझ्या शिकण्यासाठी कुणी मोठं माणूस उभं राहील, हे माझ्या आई-वडिलांच्या घरीही घडलं नव्हतं. मग डोळे पुसले आणि रस्त्याने पळत सुटले. तास चुकला असता, तर आईंना पुन्हा खाली मान घालून सभेला बसावं लागलं असतं.