हजेरीचा फोटो

आधीच सांगतो, मी या सगळ्याची टर उडवणारा माणूस. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून खाली "आधी डोळे तपासून घ्या" असं लिहिणाऱ्यांत मीही होतो. वन्यजीवशास्त्र हा माझा विषय. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं छातीठोकपणे सांगायचो. पुढे जे झालं ते मी स्वतःच्या यंत्रावर ऐकलंय... म्हणूनच जास्त राग येतो.

जागा — भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, नाकाडोंगरीजवळचं जंगल. पीएच.डी.चा विषय — खवल्या मांजर. नाव मांजराचं, पण मांजराशी काही संबंध नाही. अंगभर खवले, तोंडात दात नाहीत, वाळवी खाऊन जगतं, घाबरलं की चेंडू होऊन बसतं. त्या खवल्यांसाठीच माणसं त्याला मारतात.

खूप खेटे घालून परवानगी मिळाली आणि आम्ही एका मादीच्या शेपटीजवळच्या खवल्याला दोन बारीक भोकं पाडून टॅग बसवला. टॅग सिग्नल पाठवतो, माझ्या हातातल्या रिसीव्हरवर टिक... टिक... ऐकू येतं. अँटेना फिरवायची, आवाज मोठा येईल त्या दिशेला चालायचं. आणि अँटेना काढून टाकली तरी सगळ्या बाजूंनी सारखाच आवाज आला, तर समजायचं — प्राणी पायाशी आहे.

वाट दाखवायला माझ्यासोबत रोज गावातले सोमाजीकाका असायचे. साठीचे, जंगलाला लागून धानाची बांधी, म्हणजे भातशेत. मादीचं बीळ त्यांनीच शोधलं. मी नोंद करेपर्यंत त्यांनी एक हिरवी डहाळी तोडून बिळाच्या तोंडावर ठेवली.

"हे काय, काका?"

"जंगलात कोनाचं घर दिसलं तं त्याच्यावर डहाळी ठेवाची, सर. आन् मंग ते घर कोनालेच सांगाचं नाही. माह्या बापानं शिकवलं."

"मला तर नकाशावर टाकावं लागतं."

"तुमच्या कागदात टाका. मानसाले सांगू नका."

मी हसत हसत कबूल केलं. कबूल करायला काय जातं!

आमच्या प्रोजेक्टची एक पद्धत होती. फील्डवर असल्याचा पुरावा म्हणून रोज सकाळी जीपीएस कॅमेऱ्याच्या ॲपमधून सेल्फी काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. फोटोखाली अक्षांश-रेखांश आपोआप छापून येतात. एरवी मी तो नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरून काढायचो. पण त्या दिवशी बिळासमोर बांधलेल्या, हालचाल होताच आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेरा ट्रॅपमध्ये मादीच्या शेपटीवर बसलेलं पिल्लू दिसलं आणि मी हुरळून गेलो. बिळाशेजारी उभा राहून फोटो काढला — "हजेरी, आणि गोड बातमी!" — आणि पाठवला. अंगठ्यांचा पाऊस पडला. ग्रुपमध्ये जुने स्वयंसेवक होते, ड्रायव्हर होते, मी कधी न पाहिलेले नंबर होते. संध्याकाळी चूक लक्षात आली तेव्हा गुपचूप फोटो डिलीट केला.

चौथ्या दिवशी बीळ कुदळीनं फोडलेलं सापडलं. तोंडाशी पाला जाळून आत धूर सोडला होता. मादी नेली होती. पिल्लू तिथेच पडलं होतं... त्याचे खवले अजून मऊ होते, कामाचे नव्हते, म्हणून डोकं ठेचून फेकलं होतं. सोमाजीकाकांनी ते आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलं.

पुढच्या आठवड्यात वनखात्यानं खवल्यांचं एक पोतं पकडलं आणि ओळख पटवायला मला बोलावलं. दोन भोकांचा खवला मीच वर काढला. टॅग चेचलेला, बॅटरी निघालेली. तो माझ्यासमोर पाकिटात घालून सील केला.

"बिळाची जागा कोणाकोणाला माहीत होती?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मला," मी म्हणालो. "आणि सोमाजीला."

फोटोचं बोललो नाही. बोललो असतो तर प्रोजेक्ट गेला असता, पीएच.डी. गेली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि दोर माझ्या हातात होता. सोमाजीकाकांना घेऊन गेले.

ते आत असताना एका दुपारी मी सामान गोळा करायला जंगलात गेलो. सवयीनं रिसीव्हर लावला. टिक... टिक... त्याच मादीची फ्रिक्वेन्सी! मशीन बिघडलं म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरं नेलं. तेच. आवाजामागे गेलो तर फोडलेल्या बिळाशी पोचलो. मातीच्या ढिगावर हिरवी डहाळी होती, तोडल्या जागी चीक ओला होता. तिसऱ्या दिवशी तिथे नवी डहाळी.

काकांच्या घरी जाऊन काकूंना डहाळ्यांबद्दल विचारलं. त्या धान पाखडत होत्या, मानसुद्धा वर केली नाही. "आमच्या घरचं कोनी आता जंगलात पाय नाही ठेवत. तुमी काहून इचारून राहिले?"

तीन आठवड्यांनी पुराव्याअभावी काकांना सोडलं. पण गावानं सोडलं नाही — 'खवल्याचोर' हेच नाव पडलं. मी सकाळी भेटायला गेलो. अंगणात बसले होते, अर्धे झाले होते.

"एकच इचारतो, सर. तुमी कोनाले सांगतलं तं नाही ना?"

"नाही, काका."

टिक.

माझ्या बॅगेतून. मी रिसीव्हर बाहेर काढला. बटण बंद होतं. घाईघाईनं सेल काढले. टिक... टिक... अँटेना लावलेलीच नव्हती. मी वेड्यासारखा जागच्या जागी गोल फिरलो. सगळ्या बाजूंनी आवाज सारखाच!

काका वर्षभर माझ्यासोबत चालले होते. या आवाजाचा अर्थ त्यांना सांगावा लागत नव्हता. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मग उठले, कुंपणाच्या कडुलिंबाची एक डहाळी तोडली, वाकून माझ्या पायांवर ठेवली आणि घरात गेले. आवाज थांबला.

मला वाटलं, आता गावभर होईल. झालं नाही. माझी पीएच.डी. झाली, नोकरी लागली. काका गेल्या वर्षी वारले, खवल्याचोर म्हणूनच वारले. त्यांनी शेवटपर्यंत कुणालाही सांगितलं नाही.

सील केलेल्या टॅगमधून सिग्नल कसा आला, सेल नसलेलं मशीन कसं वाजलं, डहाळ्या कोण ठेवत होतं — मला आजही कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा. आणि हो, सोमाजी हे त्यांचं खरं नाव नाही. ते मी इथेही बदललंय, नाहीतर त्यावरून लोक माझ्यापर्यंत पोचतील.