माझ्या वाटचं भांडण

मी परदेशात तुआसला जहाजांच्या यार्डात कामाला होतो. यार्डाजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या शेडमध्ये, बिअर विकणारी एक चिनी आंटी होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बाटली उघडली की झाकण ॲप्रनच्या खिशात टाकायची आणि गिऱ्हाईक पहिला घोट घेईपर्यंत हलायची नाही.

एकदा तिनं बेल्जियन पद्धतीची स्वस्तातली ब्लाँड बिअर आणली. "नाइस ऑर नॉट?" तिनं विचारलं. रंग मधासारखा, फेस भरपूर. पण चव आंबलेल्या शिकरणाची, त्यात कुणी लवंग टाकावी तशी. मी म्हटलं, "ओल्ड बनाना, आंटी." ती खदखदून हसली.

शेजारच्या टेबलावर आमच्याच यार्डातले पुण्याचे इंजिनिअर साहेब मित्रांबरोबर जेवत होते. ते मराठीत म्हणाले, "आठवीत शाळा सोडलेल्यानं बिअर प्यावी, चव सांगू नये." सगळे हसले.

माझं डोकंच फिरलं. खुर्ची सरकवून उठलो, तर आंटीनं खांदा दाबून मला खाली बसवलं. "यू सिट लाह! यू वर्क परमिट. यू फाइट, गो होम. आय सिटिझन. आय स्कोल्ड."

आणि कमरेवर हात ठेवून तिनं त्यांना असं झापलं की ते ताट अर्धं टाकून निघून गेले.

माझी नोकरी त्या दिवशी तिच्यामुळे वाचली. साहेबांचा राग मात्र अजून येतो. मराठी माणूस होता, म्हणून जास्तच येतो. आंटीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ते काय बोलले, हे तिनं मला नंतरही कधी विचारलं नाही.