सिस्टरच्या नंबराचं रक्त

ते प्रकरण आता विसरावं असं घरचे म्हणतात. पण साथीच्या पहिल्या वर्षाचा विषय निघाला की मला आधी तेच आठवतं. हिंगोली जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. तिथल्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

सोयाबीनची काढणी चालू होती. आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावचा एक टेलर ठाण्यात आला. त्याची बायको त्या रुग्णालयात सिस्टर होती आणि कोरोनाने गेली होती. मृत्यूचं कारण कागदावर स्पष्ट, तक्रारीला जागाच नव्हती. त्याने खिशातून घड्या घातलेला एक कागद काढून टेबलावर पसरला. महिनाभरापूर्वी रुग्णालयातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं होतं. आजार नकळत होऊन गेला असेल तर रक्तात अँटिबॉडी सापडतात, त्याची ती चाचणी. सिस्टरच्या नावापुढे 'आढळल्या' असं लिहिलेलं होतं.

"साहेब, हिला साधी सर्दी न्हाई झाली कधी," तो म्हणाला. "पण या कागदावर भरवसा ठेवून तिला कोरोना वॉर्डात टाकलं. एकदा होऊन गेला की पुन्हा होत न्हाई म्हणले. मग ही गेली कशी?"

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अँटिबॉडी म्हणजे चिलखत नव्हे, पुन्हाही होऊ शकतो. माणसं कमी पडत होती, म्हणून ज्यांच्यात सापडल्या त्यांना पुढे केलं. मी टेलरची समजूत घालून त्याला परत पाठवलं. खरं सांगायचं तर हात झटकले.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. रुग्णालयातला एक सफाई कामगार बोलत होता. "माझं नाव घेऊ नका साहेब. रगत काढलं त्या दिशी नळ्यायवर नंबरच्या चिठ्ठ्या कोण लावून राहिलं होतं, तेवढं विचारा." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. खबर देणारा बहुधा अर्धंच सांगतो, उरलेल्यासाठी सरकार आपल्याला पगार देतं.

तपासणीनंतर उरलेले नमुने प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये होते. पत्र देऊन, पंचांसमक्ष ते ताब्यात घेतले आणि रक्तगट तपासायला सांगितले. टेलरने बायकोचं रक्तदानाचं कार्ड आणून दिलं. तिचा गट बी होता. तिच्या नंबराच्या नळीत ओ निघाला, आणि लगतच्या नंबराच्या नळीत बी. तो लगतचा नंबर एका कंत्राटी कक्षसेविकेचा होता, आणि तिच्या नावापुढे 'आढळल्या नाहीत' असं होतं. त्या दिवशी चिठ्ठ्या चिकटवायला तीच बसली होती.

तिला भर दुपारी ठाण्यात बोलावलं. शेजारी महिला शिपाई बसवली, खुर्च्या लांब लांब ठेवल्या. तोंडावर मास्क असला की पोलिसाचं निम्मं काम अडतं. मला ओठ बघायची सवय, इथे नुसते डोळे दिसत होते.

"गर्दी होती, चूक झाली असंल," ती म्हणाली. हेच तिने तीनदा म्हटलं, शब्दही न बदलता. जे खरंच चुकतात ते प्रत्येक वेळी वेगळं सांगतात.

"सिस्टरचा नवरा बाहेर बाकावर बसलाय," मी म्हणालो. "तुम्हीच सांगा त्याला, चूक झाली म्हणून."

ती उठली नाही. मास्क भिजेपर्यंत रडली आणि मग बोलायला लागली.

"उन्हाळ्यात मला दोन दिस वास येत नव्हता. लसूण करपला तरी कळलं न्हाई. ताप न्हाई, खोकला न्हाई, म्हणून कोणाला बोलले न्हाई. पंधरा दिसांनी सासू कोरोनानं गेली. दीर तवाच पुण्याहून आला होता. समदे म्हणले, यानंच मायला मारलं. तवापासून तो शेतात, आखाड्यावरच्या झोपडीत राहून राहिला. भाकरसुद्धा लांबून ठेवतेत. माझ्या कागदावर 'आढळल्या' आलं असतं तर..."

"तर दिराच्या जागी तुम्ही."

"व्हय. चिठ्ठ्या बदलून सिस्टरच्या नावावर गेलं तर त्यायला काय तकलीफ, असं वाटलं."

"आणि वॉर्डाच्या ड्युटीची यादी लागली तेव्हा? तेव्हा का बोलला नाहीत?"

"गेले होते साहेब. ताई किट घालून राहिल्या होत्या. म्हणलं, ताई, नका जाऊ. तर त्यायनंच माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणल्या, मला आता काही होत न्हाई गं, तू काहून घाबरून राहिली? मग माझं तोंडच उघडलं न्हाई."

महिला शिपायाने मान फिरवली. मला राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे कळेना.

तिच्यामुळेच सासू गेली का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजार होऊन गेला एवढंच ही चाचणी सांगते, कोणाचा कोणाला लागला ते कधीच सांगत नाही. म्हणजे ती ज्याला भ्याली, ते त्या कागदावर येणारच नव्हतं. पण हे तिच्या घरच्यांना कोण पटवणार होतं?

हयगयीने मृत्यू आणि सरकारी अभिलेखात फेरफार, असा गुन्हा नोंदवला. टेलरला मीच सांगितलं. त्याने खिशातून तोच कागद काढून उघडला.

"म्हणजे ती वॉर्डात गेली तवा तिच्या अंगात काहीच नव्हतं?"

"नाही."

"अन् तिला वाटत होतं, हाय." त्याने कागदाची घडी घातली आणि तो निघून गेला.

कक्षसेविकेच्या सासरच्यांनी दिराला आखाड्यावरून घरी आणलं आणि हिला माहेरी घालवलं. लेकरं ठेवून घेतली.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. साहेबाने काहीतरी शहाणपणाचं बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी कायद्याचे दोन शब्द बोलून वेळ मारून नेतो. आज खरं लिहितो.

दोषारोपपत्र पाठवलं आणि पुढच्याच आठवड्यात तीच चाचणी पोलिसांसाठी आली. पथक ठाण्यातच बसलं. त्या उन्हाळ्यात वारंगा फाट्यावर नाकाबंदीला असताना मलाही तीन दिवस जिभेला चव नव्हती. बंदोबस्ताला माणसं कमी होती म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. त्यानंतर माझ्या जीपचा चालक आजारी पडला आणि नांदेडला नेता नेता वाटेतच गेला. त्याची बायको अजून दिवाळीला आमच्याकडे फराळाचा डबा पाठवते.

चाचणीतून कोणी कोणाला दिलं ते कळत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी माझं नाव पुकारल्यावर मी तपासाला जायचं निमित्त सांगून बाहेर पडलो. परत आलो तेव्हा पथक गेलं होतं. प्रभारी म्हणून यादीवर माझी सही बाकी होती. माझ्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा होता. त्याखाली मी सही केली.