सिस्टरवर ढकललेली बाटली

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका इस्पितळात नवखा डॉक्टर होतो आणि चार पुस्तकं वाचल्याचा माज अंगात भिनलेला होता. करकंबची एक बाई विषमज्वरात आतडं फुटून आली. ऑपरेशन निभावलं, पण ताप काही उतरेना. एकामागून एक अँटिबायोटिक देऊन आम्ही थकलो, तेव्हा तिच्या रक्तात बुरशी वाढल्याचा रिपोर्ट आला. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच.

त्यावर खात्रीचं औषध एकच, आणि ते किडनीवर उठणारं. बाईची लघवी आधीच कमी झालेली. मोठे डॉक्टर म्हणाले, "दिलं तर किडनीची भीती, नाही दिलं तर ती जाणारच. द्या." सोलापुरात ते मिळेना. तिच्या नवऱ्यानं मुंबई गाठली आणि बर्फाच्या थर्मासमधून जेमतेम काही दिवस पुरतील एवढ्या कुप्या आणल्या.

पहिली कुपी मीच हातात घेतली. वॉर्डाच्या सिस्टर अक्कलकोटच्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, औषधाबरोबरच्या कागदावर ग्लुकोजमध्येच घाला म्हणून लिहिलंय की."

"मला शिकवू नका," मी खेकसलो आणि औषध सलाइनच्या बाटलीत सोडलं. डोळ्यांदेखत ते नासलेल्या दुधासारखं झालं. नवरा दारातच उभा होता.

"काय झालं वो, डाक्टर?"

"सिस्टरनी चुकीची बाटली दिली," मी म्हणालो. जराही न अडखळता म्हणालो, याची आजही लाज वाटते.

सिस्टरनी ग्लुकोजची बाटली माझ्यासमोर ठेवली. दुसरी कुपी तीत नीट विरघळल्यावर उजेड लागू नये म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळला. औषधानं बाईला हुडहुडी भरली की त्याच तिला धरून बसायच्या, लघवी मोजून लिहून ठेवायच्या. नवरा पुढच्या दिवसांच्या औषधासाठी पुन्हा मुंबईला गेला. मी मात्र सिस्टरच्या नजरेला नजर द्यायचं टाळत राहिलो.

बाई वाचली. घरी न्यायच्या दिवशी नवरा माझ्याजवळ आला. सिस्टर शेजारच्या खाटेची चादर बदलत होत्या.

"लई उपकार झालं, डाक्टर. त्या बाईच्या हातनं माजी बायकू गेलीच हुती. तुमी हुता म्हनून वाचली."

सिस्टरचे हात चादरीवर थांबले. मला एकच वाक्य बोलायचं होतं. तो पाया पडायला वाकला, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.