गुलाबी नखं

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ॲसिटोनची बाटली उघडली की मला जिंतूरच्या शाळेतली दहावीची एक सकाळ आठवते, जेव्हा माझ्या बाकावरची मैत्रीण लांब गुलाबी नखं लावून आली होती. दिवाळीची सगळी सुट्टी कापूस वेचून तिची स्वतःची नखं तुटली होती, बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि संध्याकाळी पाहुणे तिला बघायला येणार म्हणून वहिनीने ही खोटी नखं चिकटवून दिली होती. शाळेत अशा नखांना बंदी होती. मॅडमनी तिला उभं केलं. "काय गं, शाळेत आलीस की लग्नाला? काढून ये, मगच वर्गात बस." मला वाटलं ती रडेल, पण तिच्याबरोबर मी बाहेर येताच ती हसली. "बरं झालं माय! आता हे हात बघून पाहुणे पळतेत बघ. मला अकरावीला जायचंय." प्रयोगशाळेतल्या काकांकडून ॲसिटोन मागून आणलं आणि नळाजवळ बसून आम्ही एकेक नख सोडवलं. वास नाकात जात होता, तिच्या चिरा चरचरत होत्या, तरी ती हसतच होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने सांगितलं, की मुलाच्या आईने तिचा हात हातात घेतला, चिरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "पोरगी कामाची हाय. आमाला अशीच पायजे होती." ती नखं तशीच राहिली असती तर, असं मला अजून वाटतं, मग वाटतं, तरीही ते हो म्हणालेच असते, आणि मी बाटलीचं झाकण लावते.